भाजलं तरी कळत नाही, म्हणजे कुष्ठच?

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसू शकेल असे हे चित्र आहे. चाळिशीची बाई ड्रेसिंगसाठी येते. उजव्या हाताच्या बोटांवर फोड, आणि त्याच्या शेजारी जुन्या दोन-तीन जखमांचे पांढरे वण. ‘मावशी, कशानं भाजलं?’ ‘भाताचा गंज उतरवताना जी.’ ‘मग चटका नाही बसला?’ ‘काही समजलंच नाही जी.’ जखमेवर मलम लागते, पट्टी बांधली जाते आणि कागदावर एक ओळ उमटते : संशयित कुष्ठरोग. संध्याकाळपर्यंत ती ओळ घरात पोहोचलेली असते. रात्री तिचे ताट वेगळे झालेले असते.

कागदावरची ती ओळ चूक म्हणता येत नाही. पूर्व विदर्भातले गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे जिल्हे राज्यात कुष्ठरोगाचे जिल्हे म्हणूनच ओळखले जातात. डिसेंबर २००५ मध्ये देशाच्या पातळीवर कुष्ठरोगाचे ‘दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले, म्हणजे दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. पण ती देशाची सरासरी होती, आणि सरासरीत असे जिल्हे सहज झाकले जातात. दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ सालचे, आनंदवन १९४९ सालचे. ही कामे वर्धा आणि चंद्रपूरच्या मातीत उभी राहिली, कारण रुग्ण इथे होते. आजही इथे बधिर हात दिसला की पहिला विचार कुष्ठरोगाचाच करायला हवा. अडचण पुढे येते. पहिला विचार हाच शेवटचा ठरला, तर काही हातांचे मोठे नुकसान होते.

त्या काही हातांमागे असतो सिरिंगोमायेलिया. नाव जड असले तरी अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी, पावा. दवाखान्यातली सिरिंज याच शब्दाची नात. ‘मायेलॉस’ म्हणजे मज्जा. पाठीच्या मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेली नळीसारखी पोकळी तयार होते, तो हा विकार. फ्रेंच वैद्य ओलिव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला हे नाव दिले.

मज्जारज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटीमीटर लांब असतो. एवढ्याशा दोरीतून सगळ्या शरीराच्या तारा जातात, आणि त्यांची मांडणी विचित्र आहे. स्पर्शाची आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव नेणारे तंतू ज्या बाजूने आत शिरतात, त्याच बाजूने मागच्या भागातून वर जातात. वेदना आणि ऊन-थंड यांची जाणीव नेणारे तंतू मात्र आत शिरल्यावर लगेच मधला भाग ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. पोकळी नेमकी मध्यभागी वाढते. त्यामुळे सर्वांत आधी तुटतात ते हे ओलांडणारे तंतू. परिणाम असा की, हाताला कापूस टेकवला तर कळतो, सुई टोचली तर ‘काहीतरी लागले’ एवढेच कळते, आणि चुलीवरचा गंज धरला तर कळतच नाही. डोळे मिटून ती बाई पदराचे सूत आणि साडीची जर ओळखू शकते, पण गरम चहाचा पेला आणि माठातले पाणी तिच्या बोटांना सारखेच.

पोकळी बहुधा मानेच्या भागात असते, म्हणून ही बधिरता दोन्ही खांदे, हात आणि पाठीचा वरचा भाग अशी, खांद्यावर टाकलेल्या घोंगडीसारखी पसरते. पोकळी पुढच्या बाजूला सरकली की स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी दबतात. तळहातातले मांस झडते, बोटे आकडीसारखी वळतात, विळा धरता येत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. बाजूला सरकली की पायांकडे जाणारे तंतू दबतात आणि पाय कडक होतात. बांधीवरून चालताना तोल जातो, एका चपलेचा पुढचा भाग लवकर झिजतो. काहींचा खांद्याचा किंवा कोपराचा सांधा सुजून वेडावाकडा होतो, तरी दुखत नाही. एवढा मोडलेला सांधा आणि वेदना नाही, हे पाहून नवखा डॉक्टर बुचकळ्यात पडतो. दुसरीकडे मानेत, खांद्यात सतत जळजळणारी, कुठल्याही गोळीला दाद न देणारी वेदना ही याच रुग्णांची तक्रार असते. वेदना कळत नाही आणि वेदना थांबत नाही, दोन्ही एकाच हातात. म्हणून पुष्कळदा घरचेच म्हणतात, नाटक करते.

कुष्ठरोग आणि हा विकार यांची गल्लत आजची नाही. १८८३ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील मोर्व्हां नावाच्या ग्रामीण डॉक्टरने बोटांना न दुखणारी नखुर्डी होणाऱ्या, बोटे झडत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. वेगळा रोग म्हणून त्याला मोर्व्हांचे नावही मिळाले. पुढे, १८९०च्या दशकात, कॉन्स्टँटिनोपलमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करणाऱ्या झांबाको पाशा यांनी जाहीर केले की हे सगळे कुष्ठरोगीच आहेत, ‘सिरिंगोमायेलिया’ म्हणून नोंदलेले अनेक रुग्णही तेच आहेत. युरोपात मोठा वाद झाला. हान्सेन यांनी नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू दाखवून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती, आणि मज्जारज्जूत डोकावायला मृत्यूनंतरच्या तपासणीखेरीज मार्ग नव्हता. त्या काळी भल्याभल्यांचा घोळ झाला तर नवल नाही. आज तो होतो, त्याचे कारण वेगळे आहे. पुरेसे तपासले जात नाही.

तपासायला लागते ते फार थोडे. दोन काचनळ्या, एकीत कोमट-गरम पाणी, दुसरीत माठातले. थोडा कापूस, एक टाचणी, आणि प्रतिक्षिप्त क्रिया पाहण्याची रबरी हातोडी. या हातोडीची किंमत औषधांच्या एका खोक्याइतकीही नसेल, तरी ती बाह्यरुग्ण विभागातल्या टेबलावर क्वचितच दिसते. कुष्ठरोगात जंतू त्वचेतल्या आणि त्वचेजवळच्या नसांवर हल्ला करतो. म्हणून बधिरता चट्ट्यापुरती किंवा एखाद्या नसेच्या हद्दीत असते. कोपराच्या आतल्या बाजूची, मानेवरची, गुडघ्याच्या बाहेरची नस बोटांना दोरीसारखी जाड लागते. तिथे घामही येत नाही. हातोडी मारली तर प्रतिक्षिप्त क्रिया बहुधा शाबूत असतात. सिरिंगोमायेलियात चट्टा नसतो, नस जाड नसते, बधिरता घोंगडीसारखी असते, हाताच्या प्रतिक्षिप्त क्रिया गेलेल्या असतात आणि पायाच्या मात्र वाजवीपेक्षा जोरदार येतात. तळपायाला चावी ओढली तर अंगठा वर उचलला जातो. अंगठा वर गेला की कुष्ठरोगावर थांबू नये, प्रश्न मज्जारज्जूचा आहे.

यात एक खाच आहे, तीही सांगितली पाहिजे. ‘स्पर्श कळतो पण ऊन-थंड कळत नाही’ एवढ्यावरून कुष्ठरोग नाही असे ठरवणे धोक्याचे. कुष्ठरोगातही सुरुवातीला ऊन-थंडाची जाणीवच आधी जाते. शिवाय चट्टा नसलेला, केवळ नसांचा कुष्ठरोग आपल्या देशात दुर्मीळ नाही. त्यामुळे एका खुणेवर नव्हे, सगळ्या नकाशावर भिस्त ठेवावी लागते : बधिरता कुठे सुरू होते, कुठे संपते, नस कशी लागते, हातोडी काय सांगते. नकाशा काढायला दहा मिनिटे लागतात. दीडशे रुग्णांच्या ओपीडीत ती दहा मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न खोटा नाही. पण पहिली चिठ्ठी चुकली, तर पुढची दहा वर्षे त्या चुकीच्याच मागे जातात.

चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. कुष्ठरोग नसताना त्याची बहुविध औषधे सुरू झाली तर प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने जातात. त्यातले डॅप्सोन काहींच्या तांबड्या पेशी फोडते. तेवढ्या काळात पोकळी आपले काम करत राहते, आणि गेलेले स्नायू परत मिळत नाहीत. समाजातली किंमत तर वेगळीच. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते, ते २०१९ मध्ये कायद्यातून काढले गेले. गावातून ते निघाले असे कुणी म्हणणार नाही. पण उलटी चूकही तितकीच वाईट. ‘सुटलो बुवा, कुष्ठ नाही, मणक्याचे आहे’ असे म्हणून सुस्कारा टाकणारे नातेवाईक ज्या रोगातून सुटले असे समजतात तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, तोही फुकट. ज्यात अडकले आहेत त्याला गोळी नाही. लाजेचे गणित आणि वैद्यकाचे गणित इथे नेमके उलटे पडते.

सिरिंगोमायेलिया किती जणांना असतो? इंग्लंडमधल्या एका जुन्या पाहणीत लाखामागे आठच्या थोडे वर, जपानमधल्या अलीकडच्या पाहणीत लाखामागे दोनच्या आसपास असा आकडा आला. २०११च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांवर होती. हेच प्रमाण इथे लावले तर पंचवीस ते एकशे दहा माणसे होतात. हा नुसता हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण आठ तालुक्यांत मिळून एवढी माणसे असतील, तर ती आज कुठल्या नावाखाली औषधे घेत आहेत, हे विचारायला हरकत नाही. कुष्ठ, सांधेवात, ‘मानेत गॅप’, लकवा, कुणाच्या तरी करणीचा प्रकार.

पोकळी होते कशामुळे? नेहमीचे कारण जन्मजात असते आणि ते पाठीत नसून डोक्यात असते. कवटीच्या तळाला जे मोठे छिद्र असते, त्यातून लहान मेंदूची खालची टोके मानेच्या पोकळीत उतरतात. प्रागमध्ये काम करणाऱ्या हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये या दोषाचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. बाटलीच्या तोंडात बूच अर्धवट बसावे, तसा प्रकार. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणारा द्रव हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला खाली-वर होतो. बुचामुळे त्याची वाट अडते, दाब मज्जारज्जूवर येतो, आणि वर्षानुवर्षांत आत पोकळी तयार होते. नेमके कसे, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना मागच्या डोक्यात कळ येणे ही या बुचाची खूण. ‘खोकलो की टाळू उडते’ असे सांगणाऱ्याला खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले जाते, ते थांबायला हवे.

दुसरे कारण अपघात. मोहाच्या किंवा चिंचेच्या झाडावरून पडणे, बैलगाडी उलटणे, दुचाकीचा अपघात. मज्जारज्जूला इजा होऊन रुग्ण कसाबसा स्थिरावलेला असतो आणि काही महिन्यांनी, कधी वीस वर्षांनीही, बधिरता एक-एक वीत वर चढू लागते, हात दुखू लागतात. ‘जुना मार आहे, असेच राहणार’ म्हणून कोणी लक्ष देत नाही. एकदा स्थिर झालेल्या रुग्णात नवे लक्षण आले तर ते जुन्या माराच्या खाती टाकू नये. तिसरे कारण आपल्याकडे विशेष महत्त्वाचे : क्षयाचा मेंदूज्वर. औषधांनी जंतू मरतो, पण मज्जारज्जूभोवतीची आवरणे चिकटून राहतात आणि द्रवाची वाट तिथे अडते. मज्जारज्जूतल्या गाठीमुळेही पोकळी होते. म्हणून एमआरआयच्या अहवालात ‘सिरिंक्स’ हा शब्द आला की निदान झाले, असे मानू नये. ती पोकळी कशामुळे, याचे उत्तर मिळेपर्यंत निदान अर्धेच.

एमआरआयबद्दल आणखी दोन गोष्टी. हातांची तक्रार असताना कमरेचा एमआरआय घेऊन आलेले रुग्ण पुष्कळ असतात, कारण पाठदुखीचीही तक्रार सांगितलेली असते आणि ‘मणक्याचा काढा’ एवढीच चिठ्ठी असते. कवटीचा तळ आणि मान त्यात येतच नाही. पैसेही गेले, उत्तरही नाही. आणि उलट, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मधोमध एक-दोन मिलिमीटरची बारीक रेघ दिसते. ती बहुधा जन्मतः उरलेली निरुपद्रवी वाहिनी असते. तिच्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यायला कोणी धावू नये. अहवाल वाचून घाबरणारे अलीकडे वाढले आहेत, मोबाइलवर सगळेच वाचता येते.

मुलांच्या बाबतीत वेगळी खूण लक्षात ठेवावी. पाठीचा कणा एका बाजूला वाकणे हे कधीकधी या विकाराचे पहिले आणि एकमेव लक्षण असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत जातात, उंची-वजन, दात, डोळे पाहतात. मुलाला शर्ट काढून पुढे वाकायला लावून पाठीमागून एकदा पाहणे एवढेच त्यात नेटाने व्हायला हवे. वाक असेल, विशेषतः छातीच्या भागात डावीकडे असेल, किंवा पोटावर काडी ओढली असता एका बाजूचे स्नायू हलत नसतील, तर पट्टा बांधण्याआधी संपूर्ण कण्याचा एमआरआय करावा. या वयात वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर काही मुलांचा वाकही सुधारतो.

उपचार कारणावर अवलंबून आहे. पोकळी आटवणारी गोळी, काढा, इंजेक्शन, तेल काहीही नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण अशा रुग्णाची जमीन विकायला लावणारे लोक प्रत्येक बाजारपेठेत बसलेले आहेत. कियारी दोष असेल तर कवटीच्या तळाचे थोडे हाड आणि मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढून बुचाला जागा करून देतात. बहुतेक वेळा आवरण उघडून त्याला ठिगळही लावतात. द्रवाची वाट मोकळी झाली की पोकळी अनेकांत हळूहळू आकसते. गाठ असेल तर गाठ काढणे, चिकटलेली आवरणे असतील तर ती सोडवणे, काहीच जमत नसेल तर पोकळीतून बारीक नळी टाकून द्रव दुसरीकडे वळवणे. ही नळी शेवटचा पर्याय, कारण ती तुंबते, सरकते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला काय सांगितले जाते, यावर पुढचे समाधान ठरते. डोकेदुखी आणि मानेची वेदना बऱ्याच जणांत कमी होते. चालण्यातला कडकपणा काही प्रमाणात सुधारतो. गेलेली ऊन-थंडाची जाणीव आणि झडलेले मांस मात्र क्वचितच परत येते. शस्त्रक्रिया प्रामुख्याने आहे ते वाचवण्यासाठी असते. हे न सांगता नेलेला रुग्ण सहा महिन्यांनी म्हणतो, ‘ऑपरेशन फेल झालं.’ त्याच्या शब्दावर गावातला पुढचा रुग्ण शस्त्रक्रिया नाकारतो. आणि उशीर हेच तर या आजाराचे खरे दुखणे आहे : हात चालू असताना आलेल्याचे हात वाचतात, हात गेल्यावर आलेल्याचे फक्त पाय वाचवता येतात.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही मेंदू आणि मणक्याच्या अशा शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बहुधा नागपूर गाठावे लागते. रेल्वेने ते सुमारे १३० किलोमीटर. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून निघणाऱ्याला आधी स्टेशन गाठण्यातच सकाळ जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूशल्यचिकित्सेच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रिया ठरण्याआधीच भेटावे, भरती झाल्यावर नव्हे. योजना रुग्णालयाचे बिल भरते, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी भरत नाही. या हिशेबात किती शस्त्रक्रिया अडतात, हे कुठल्या नोंदवहीत येत नाही.

जिल्ह्यात करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशा ताई घरोघरी जातात, बधिर हात त्यांनाच आधी सापडतो. संशयिताची तपासणी करणाऱ्या कुष्ठरोग तंत्रज्ञांचा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा हात नस चाचपण्यात तयार असतो, अनेक मोठ्या रुग्णालयांतल्या तरुण डॉक्टरांपेक्षाही चांगला. त्यांच्या तपासणीच्या कागदावर आणखी तीन रकाने हवेत : हाताची प्रतिक्षिप्त क्रिया, पायाची प्रतिक्षिप्त क्रिया, तळपायाचा अंगठा. ‘कुष्ठरोग नाही’ असा शिक्का मारून संशयिताला घरी पाठवले जाते, तिथेच आज साखळी तुटते. मोहिमेच्या दृष्टीने तो रुग्ण संपला. हात बधिरच असतो. कुष्ठरोग नाही, तर मग काय, या प्रश्नाचे उत्तर लिहिल्याशिवाय तो कागद बंद होऊ नये.

निदान झाल्यावर आणि शस्त्रक्रिया होवो न होवो, रोजचे काही नियम पाळावे लागतात. ते कुष्ठरोगाच्या रुग्णांना शिकवले जातात तेच आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गंज उतरवताना जाड कापड किंवा सांडशी, अंघोळीचे पाणी कोपराने नव्हे तर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाताने तपासणे, रोज रात्री उजेडात दोन्ही हात उलटसुलट पाहणे. शेकोटीला हात शेकू नयेत, बिडी ओढणाऱ्याने तर बोटांकडे आधी पाहावे. डोक्यावर धानाची पोती किंवा लाकडाची मोळी घेऊ नये. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, जुना खोकला अंगावर काढू नये. आणि मान मोडून ‘नस मोकळी’ करणाऱ्याकडे कधीही जाऊ नये, कियारी दोष असलेल्या मानेला दिलेला एक झटका माणसाला कायमचे अंथरुणात टाकू शकतो. जळजळणाऱ्या वेदनेसाठी वेगळी औषधे असतात, ती डॉक्टरच्या सल्ल्याने ठरलेल्या मात्रेत घ्यावीत. साध्या वेदनाशामकांच्या गोळ्या मुठीने खाऊन मूत्रपिंड जाते, जळजळ जात नाही.

शस्त्रक्रियेनंतर पोकळी आकसली की नाही हे पाहण्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात, पुढेही वर्षा-दोन वर्षांनी तपासणी लागते. सुट्टीच्या कार्डावर ती तारीख लिहिताना एवढे पाहिले तरी पुरे, की ती जुलैच्या रोवणीत किंवा दिवाळीच्या आगेमागे धानाच्या कापणीत पडत नाही. त्या दिवसांत दिलेल्या तारखेला गोंदिया जिल्ह्यातून कोणी नागपूरला येत नाही.